मोडीत काढलेल्या बाटल्या

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बारा नळ होते आणि एकालाही पाणी नव्हतं. लातूरच ते! नळ शोभेला आणि पाणी विहिरीला. मागच्या दाराने बाहेर पडलं की दहा पावलांवर दगडी बांधणीची जुनी विहीर होती. तिथून मामा बादल्या भरून आणायचे आणि खिडकीजवळच्या टाकीत ओतायचे. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. पोरं, प्राध्यापक, प्राचार्य, सगळे त्यांना मामाच म्हणायचे.

मी नांदेडची, गोदावरीच्या काठी वाढलेली. भांडं विसळायला अर्धी बादली अन् पाय धुवायला एक बादली, अशी माझी सवय. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात ऐकवलं, की सूनबाई येताना नदी घेऊन आल्यात. कॉलेजातही मी तशीच. एक परीक्षानळी तीनदा विसळायची आणि राहिलेलं सगळं बेसिनमध्ये सोडून द्यायचं. एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवलेली बाई मी, पण बेसिनचं पाणी पुढं जातं कुठं, हे बघायला कधी मागचं दार ओलांडलं नव्हतं.

मग भूकंप झाला. आमच्या घराच्या भिंतींना नुसत्या भेगा पडल्या. मामांचं गाव मात्र औशाच्या पुढं होतं, तिथं घर म्हणून काही उरलंच नाही. दगडमातीच्या माळवदाखाली त्यांचे थोरले भाऊ गेले, भावजय गेली. मामा आणि मामी शेतात जागलीला होते म्हणून वाचले आणि गोठा पत्र्याचा होता म्हणून गाय वाचली. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी गाय, मोठ्या डोळ्यांची. आठ-पंधरा दिवसांनी तिघं लातूरला आली. संस्थेने विहिरीलगत एक पत्र्याची खोली दिली, शेजारी खुंटी ठोकली, आणि त्यांचा संसार पुन्हा मांडला गेला. प्यायला, न्हायला, गायीला, सगळ्याला तेच विहिरीचं पाणी.

कॉलेज उघडलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं आणि दारातच थबकले. फळ्या आडव्या झाल्या होत्या. आम्लांच्या बाटल्या फुटल्या होत्या, क्षारांच्या भुकट्या एकमेकींत मिसळून फरशीवर पसरल्या होत्या, वासाने डोळ्यांना धारा लागल्या. मी नाकाला पदर लावला आणि मामांना म्हटलं, ओता पाणी, सगळं धुऊन काढा आणि सोडा गटारीला. मामा बादली घेऊन उभेच राहिले. म्हणाले, "बाई, गटार हिरीच्या अंगानं जाते."

"जाऊ द्या हो," मी म्हणाले. "पाण्यात मिसळलं की काही होत नसतं."

मामांनी मग विचारलं नाही. दुपारपर्यंत बादल्यांवर बादल्या ओतून त्यांनी फरशी लख्ख केली. भूकंपाने विहिरीच्या वरच्या अंगाचे चिरे हलले होते, त्या फटींतून ते सगळं सरळ आत गेलं. चौथ्या दिवशी सकाळी मामींनी गायीपुढं घमेलं ठेवलं तर गायीने नाक लावलं, फुर्रकन श्वास सोडला आणि तोंड फिरवलं. मामींच्या बोटांच्या बेचक्यांत फोड उठले. प्राचार्य येऊन बघून गेले आणि म्हणाले, भूकंपाचा परिणाम, जमिनीतलं काहीतरी वर आलेलं दिसतंय. तेव्हा कुठल्या विहिरीचं पाणी कोमट झालं, कुठल्या विहिरीचं आटलं, अशा गोष्टी गावभर चालल्याच होत्या. त्यामुळं प्राचार्यांची ही गोष्टही कुणालाच खोटी वाटली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण रसायनशास्त्राची बाई मी. मी म्हणाले, असेल. हो, म्हणाले. आज लिहितानाही लाज वाटते, पण म्हणाले.

मामा तिथंच उभे होते. इंजिन लावून विहीर तीनदा उपसली, तळाला चुना टाकला, पुढचा पावसाळा जाईस्तोवर मामा दूरच्या हापशावरून पाणी आणत राहिले. दिवाळीनंतर एका सकाळी त्या गायीने घमेल्यात तोंड घातलं आणि ती तळ दिसेपर्यंत पाणी प्यायली. मी मागच्या दारात उभी राहून बघत होते. त्याच दिवशी मी ठरवलं, की आता या प्रयोगशाळेतून त्या विहिरीकडं एक थेंब जाऊ द्यायचा नाही.

ठरवणं सोपं होतं, करणं महाकठीण. मी पोरांना सांगितलं, घरी कुणाच्या डोळ्यांत घालायच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या असतील तर आणा. महिनाभरात टोपलीभर जमल्या. त्या उकळून घेतल्या आणि त्यांत आम्लं भरली. क्षार ओळखायच्या प्रयोगात पूर्वी अर्धी नळी भरून द्रावण लागायचं, तिथं आम्ही तीन थेंबांवर आलो. तेवढ्यातही नळीच्या तळाला साका तसाच पडतो, रंग तसाच येतो, फक्त डोळे नीट उघडे ठेवावे लागतात. तांब्याचं निळं पाणी उरलं की त्यात गंजके खिळे टाकून ठेवायचे, दोन दिवसांत खिळ्यांवर तांबं चढतं, ते खरवडून बरणीत ठेवायचं. आम्लाचं उरलेलं पाणी चुनखडीच्या माठातून गाळायचं. शिशाचे, पाऱ्याचे, क्रोमियमचे क्षार मी प्रयोगांच्या यादीतूनच काढले आणि मागच्या दोन कपाटांत कुलपात घातले. किल्ली माझ्या पर्समध्ये. पोरं मला थेंबवाल्या मॅडम म्हणायला लागली. म्हणू देत.

या सगळ्यात माझ्याबरोबर एक जण होता. माझाच विद्यार्थी, धर्माबादचा. बाप मिरचीच्या बाजारात हमाली करायचा, आणि पोराच्या कपड्यांनासुद्धा मिरचीचा ठसका यायचा. एम.एस्सी. करून तासावर शिकवायला तो आमच्याकडेच आला. हुशार, कामाला वाघ. बारावीला एक पिवळा पदार्थ तयार करायचा प्रयोग असतो. पुस्तकात त्याला स्पिरिट लागतं, बर्फ लागतो आणि धुवायला पाणीच पाणी. तो म्हणाला, मॅडम, खलात घोटून बघू का? मी घरून दगडी खल उचलून आणला. सासूबाई सुंठ कुटायची सोडून हाका मारत राहिल्या. बेन्झाल्डिहाइड, थोडं ॲसिटोन आणि कॉस्टिक सोड्याचे खडे घालून आम्ही आलटून पालटून घोटलं. खोलीभर कडू बदामाचा वास सुटला. पहिल्यांदा नुसता चिकट लगदा झाला, दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा हळदीसारखी पिवळीधमक भुकटी खलाच्या कडांना धरली. स्पिरिट नाही, बर्फ नाही, धुवायला पेलाभर पाणी. आम्ही दोघं लहान लेकरांसारखे हसलो. मामांनी खलात डोकावून विचारलं, याची चटणी भाकरीसंगं चालंल का? तो पोरगा मला कॉलेजात मॅडम म्हणायचा आणि घरी ताई. एका दिवाळीला त्याला गावी जाता आलं नाही, तेव्हापासून भाऊबीजेला मी त्याला ओवाळायला लागले.

त्याच वर्षांत लातूरला पोरांचा लोंढा सुरू झाला. नांदेडहून, नायगावहून, देगलूरहून गाड्या भरून लेकरं यायची. ज्याच्या घराला दोन खोल्या, त्याने एक भाड्याने दिली. पहाटे साडेपाचला सायकलींची रांग लागायची, आणि अकरावीचं पोरगंसुद्धा तोंड पाडून गुणांचं बोलायचं. प्रयोगशाळा सगळ्यांनाच अडचण वाटायला लागली. मला एका मुलाने सरळ विचारलं, मॅडम, प्रॅक्टिकलला मार्क पूर्णच पडतात ना, मग करायचं कशाला? त्याचं तरी काय चुकलं? जर्नल मागच्या वर्षीचं बघून उतरवायचं, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना पुरणपोळीचं जेवण घालायचं, आणि त्यांनी तृप्त होऊन सह्या करायच्या, अशीच रीत पडली होती. मी मात्र माझ्या तुकडीला आठवड्यातून दोनदा थेंब मोजायला उभं करायचे. पालकांनी प्राचार्यांकडे माझी तक्रारही करून झाली होती.

माझ्या या भाऊबीजेच्या भावाने आधी पत्र्याच्या शेडमध्ये सकाळचा क्लास काढला. नंतर संस्थेशी त्याचं जमलं. त्याचाच क्लास, संस्थेचीच पोरं. मला त्यात वावगं वाटलं नाही, बापाच्या पाठीवरचं पोतं उतरलं म्हणून उलट बरं वाटलं. मग एका रविवारी तो घरी जेवायला आला आणि म्हणाला, "ताई, तुमचं सगळं काम आता एका टेबलावर मावून राहिलं. मग एवढा हॉल कशाला अडवून ठेवायचा?" संस्था म्हणे माझ्या पद्धतीचं कौतुक करणार होती. कोपऱ्यात एक देखणं टेबल, वर पाटी, 'पर्यावरणस्नेही प्रयोगशाळा', आणि फीत मी कापायची. राहिलेल्या जागेत बाकं टाकू. मला हसा हवं तर, पण मी सुखावले. इतकी वर्षं वेडी म्हणवून घेतल्यावर कुणी पाटी लावतो म्हणालं, तर कुणीही सुखावेल.

अडचण राहिली ती कुलपातल्या कपाटांची. त्यावरही त्याच्याकडे उपाय तयार होता. नांदेडच्या एका कॉलेजात त्याचा वर्गमित्र आहे, त्यांच्याकडे अशा रसायनांची सोय आहे, टेम्पोने नेऊन देतो. आमच्याकडे दर मार्चला साठा तपासून निरुपयोगी मालाची यादी करायची पद्धत. त्याला मोडीत काढणं म्हणतात. प्रत्येक बाटलीसमोर शेवटचा रकाना असतो, विल्हेवाट कशी लावली, आणि खाली विभागप्रमुखाची, म्हणजे माझी सही. पाच पानांची यादी त्याने स्वतःच करून आणली होती. शेवटचा रकाना कोरा होता. म्हणाला, टेम्पो गेला की त्याचा नंबर टाकतो. मी पोळी वाढता वाढता हात पुसले, पाचही पानांवर सह्या केल्या आणि पर्समधून किल्ली काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. कोऱ्या रकान्याखाली सही करू नका म्हणून पोरांना मी वर्षानुवर्षं ओरडत आले होते. पण हा काय परका होता?

मे महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून पंधरा दिवस नांदेडला गेले. आले त्याच दिवशी कॉलेजात गेले. प्रयोगशाळेत भिंतीपासून भिंतीपर्यंत बाकं, फळ्याजवळ माईक. कोपऱ्यात माझं टेबल, त्यावर प्लास्टिकची वेल आणि वर हिरवी पाटी. टेबलाच्या खणात माझ्या थेंबांच्या बाटल्या आडव्यातिडव्या भरलेल्या. कपाटं दोन्ही गायब. तो तिथंच होता. विचारलं तर म्हणाला, पोचवलं की नांदेडला, कधीच. मी कार्यालयातून त्या वर्गमित्राला फोन लावला. तो बिचारा गोंधळलाच, त्याला कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं.

मी मागचं दार उघडलं. विहिरीच्या काठाला मुरमाचा ढीग पडला होता. उन्हाळ्याचं पाणी तळाशी गुडघाभर, आणि ते पिवळं होतं. क्रोमियमचा तो पिवळा मला ओळखता येतो, झोपेतून उठवलं तरी ओळखेन. तरीही मी दोरीला डबा बांधून पाणी काढलं, टेबलाच्या खणातून नळी घेतली, शिशाच्या द्रावणाची एक चुकून राहिलेली बाटली सापडली ती घेतली, आणि तीन थेंब टाकले. पिवळा साका झरझर खाली बसला. त्या टेबलावर झालेला तो पहिला प्रयोग, आणि शेवटचाही.

मी त्याला भर व्हरांड्यात गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. केसाने गळा कापलास मेल्या, ओवाळणीच्या ताटाची तरी आठवण ठेवायचीस, असं काय काय. त्याने ऐकून घेतलं. आवाजसुद्धा चढवला नाही. टेम्पोवाल्याने ती रसायनं न्यायला नकार दिला, जूनच्या आत बाकं टाकायची होती, विहीर बुजवून सायकल स्टँड करायचा ठरलाच आहे, असं शांतपणे समजावलं. "त्या विहिरीचं पाणी आता पितं कोण मॅडम? टँकर येतो की. तुम्ही उगं टेन्शन घेऊन राहिल्या." मी यादी मागितली. त्याने ती कार्यालयातल्या कपाटातून काढून दाखवली. शेवटच्या रकान्यात पाचही पानांवर निळ्या शाईत एकच ओळ होती, विभागप्रमुखांच्या सूचनेनुसार नष्ट केले. खाली माझी सही. माझीच, वळणदार.

मामांच्या खोलीशी गेले तेव्हा ते गाडीवर पेटी चढवत होते. मामी पदराने तोंड झाकून ओट्यावर बसल्या होत्या. गाय खुंटीला होती, म्हातारी झालेली, आणि समोर घमेलं भरलेलं तसंच. कालपासून तिने तोंड लावलं नव्हतं, म्हणून तर पाणी नासल्याचं दोघांना कळलं. मामांच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत फडकं गुंडाळलं होतं. बाटल्या त्यांनीच गटारीत ओतल्या होत्या, एकेक करून, दोन दिवस.

मी म्हणाले, मामा, मी सांगितलं नव्हतं. मी नांदेडला होते. त्याने खोटं सांगितलं. तो तुमच्याशी खोटं बोलला, माझ्याशी बोलला. अशी मी बोलतच राहिले. मामांनी पेटीची दोरी आवळली, गाठ मारली आणि मग माझ्याकडे वळले. चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"सरांनी तुमची सही दाखीवली," ते म्हणाले. "बाईंनी सांगितलंय म्हनल्यावर म्या इचारलं न्हाई. पैल्या येळंला इचारलं व्हतं."

मला वाटलं होतं ते विसरले असतील. इतकी वर्षं मी असंच धरून चालले होते, की त्या दिवशी त्यांचं घर गेलेलं, माणसं गेलेली, बादल्या ओतताना मी काय म्हणाले हे त्यांच्या ध्यानात कशाला राहील? मामींच्या हाताला तेल लावताना, हापशावरून पाणी वाहताना, लोक भूकंपाला बोल लावत असताना ते सगळं जाणून होते. माझं नाव त्यांनी कुणापुढं काढलं नाही. आणि मी त्यांच्यापुढं थेंब मोजत हिंडत होते, मोठी पाणी वाचवणारी.

मी म्हणाले, मी तक्रार करते मामा. संस्थेला लिहिते, कलेक्टरला लिहिते, त्याला सोडत नाही.

मामांनी गायीचं दावं सोडून हाताला गुंडाळलं. "लिवा की," ते म्हणाले. "पर लिवताना पैल्या येळंचंबी लिवा."

गाडी निघाली. मामी पुढं बसल्या, मामा गायीबरोबर पायी चालले, भूकंपानंतर नव्या वसवलेल्या त्यांच्या गावाकडं. दुसऱ्या दिवशी मजूर आले आणि त्यांनी विहिरीत मुरूम लोटायला सुरुवात केली.

अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला. तीन पानं, मुद्देसूद. प्रत्येक रसायनाचं नाव, त्याचा जमिनीवरचा परिणाम, दोषी कोण, सगळं. खाली सही करायच्या आधी वर कुठं कोरी जागा राहिली नाही ना, हे तपासून घेतलं. पहिल्या वेळेचं मात्र त्यात एक अक्षर नव्हतं. प्राचार्यांनी अर्ज वाचला, ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि मला म्हणाले, मॅडम, सही तर तुमचीच आहे. मला फसवलं गेलं हे खरं आहे. ज्याला मी पाटावर बसवून ओवाळलं, त्याने फसवलं. पण मामांना फसवणारे आम्ही दोघं होतो, आणि त्यांतली पहिली मी. ते राहिलं होतं, ते आज लिहिलं.